पोलादनगरीचे द्रष्टे

भूमीच्या पोटात धन असले म्हणजे तिच्यावर राहणारी माणसे धनवान होतातच असे नाही. कापूस शेतात पिकावा आणि त्याचे कापड सातासमुद्रापलीकडे विणले जावे. पाणी डोंगरावरून कोसळावे आणि कोणाच्याही उपयोगी न पडता समुद्राला मिळावे. लोखंडाचा दगड टेकडीवर युगानुयुगे पडून राहावा आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी नांगरणाऱ्या शेतकऱ्याने परदेशी लोखंडाचा फाळ विकत घ्यावा, अशी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची अवस्था होती. या देशात लोखंड गाळण्याची विद्या प्राचीन काळापासून चालत आली होती. परंतु आगगाड्यांतून आणि आगबोटींतून आलेल्या स्वस्त विलायती लोखंडापुढे रानातील लहान लहान भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या. ज्या पुरुषाने ही अवस्था पालटण्याचा ध्यास घेतला आणि त्या ध्यासापायी आयुष्याची बावीस वर्षे वेचली, त्याचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या धर्मोपाध्यायाची वृत्ती चालत आली होती. वडील नसरवानजी यांनी ती परंपरा सोडून मुंबईस व्यापार आरंभिला. वयाच्या तेराव्या वर्षी जमशेटजी वडिलांपाशी मुंबईस आले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ मध्ये पुरे करून ते पेढीच्या कामास लागले आणि पुढच्याच वर्षी व्यापारासाठी हाँगकाँगला गेले.

थोड्याच वर्षांत त्यांच्या धैर्याची कसोटी पाहणारा प्रसंग आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्यामुळे हिंदी कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत सोन्याचा पाऊस पडू लागला आणि शहाण्यासुरत्या माणसांचेही भान सुटले. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले. अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही जबर धक्का बसला. त्या वेळी जमशेटजी इंग्लंडमध्ये होते. तोंड न लपवता ते स्वतः धनकोंना भेटले आणि पेढीची खरी स्थिती त्यांनी उघड करून सांगितली. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून धनकोंनी व्यवहार निकालात काढण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले. मुंबईत नसरवानजींना राहते घर विकावे लागले. दूरच्या युद्धाने चढलेला भाव ही संपत्ती नव्हे, हा धडा तरुण जमशेटजींना या दिवसांत मिळाला.

पुढे त्यांनी चिंचपोकळीस एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. मग कापडधंद्याचे बारकावे शिकण्यासाठी ते इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात गेले. तेथील गिरण्या पाहताना एक गोष्ट त्यांच्या मनात खोल रुजली. ज्या देशात कापसाचे एक बोंडही पिकत नाही तो देश जगाला कापड पुरवीत होता, आणि ज्या देशात कापूस पिकत होता तो ते कापड विकत घेत होता. मग जेथे कापूस पिकतो, तेथेच गिरणी का असू नये?

त्या काळी गिरणी म्हटली की मुंबई, असा व्यापाऱ्यांचा ठाम समज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. सभोवती वऱ्हाड-नागपूरची काळी कसदार जमीन होती आणि तिच्यात कापूस पिकत होता. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत आली होती. वरोड्याचा दगडी कोळसा जवळच होता. माल, इंधन आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळत होत्या. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली. गिरणीसाठी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेण्यात आली. ती भरून काढण्यासाठी गाड्यांमागून गाड्या माती पडू लागली, तेव्हा एका स्थानिक सावकाराने हा माणूस सोने चिखलात पुरतो आहे असे समजून भांडवल देण्याचे नाकारले. काही वर्षांनी त्याच सावकाराने आपली चूक मोकळेपणाने कबूल केली. जमशेटजींनी जमिनीत माती घातली होती आणि तिच्यातून सोने काढले होते.

१ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते. त्यावरून गिरणीला एम्प्रेस मिल असे नाव मिळाले. आरंभी अडचणी थोड्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सूत तुटे. शेतीच्या संथ लयीत वाढलेल्या कामगारांना भोंग्याच्या तालावर चालण्याची सवय नव्हती. कित्येक जण वाटेल तेव्हा घरी राहत. दंडाचा बडगा उगारून हा प्रश्न सुटणार नाही, हे जमशेटजींनी ओळखले. त्यांनी नियमित येणाऱ्यांना बक्षिसे ठेवली, हवेत ओलावा राखणारी आणि आग विझविणारी यंत्रे बसविली, १८८६ मध्ये भविष्यनिर्वाह निधी आणि १८९५ मध्ये अपघाताबद्दल भरपाई देण्याची पद्धत सुरू केली. सूत कातण्याची नवी रिंग यंत्रे त्यांनी १८८३ मध्येच आणून पाहिली. लँकेशायरचे गिरणीवाले त्या वेळी आपल्या जुन्या यंत्रांनाच धरून होते. वऱ्हाडचा कापूस नागपुरातच सूत होऊन बाहेर पडू लागला आणि या प्रदेशाच्या अर्थजीवनाला नवे वळण लागले. शतकाहून अधिक काळ या गिरणीने हजारो कुटुंबांना पोसले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती बंद पडली. परंतु तिच्या उभारणीत जमशेटजींना सापडलेले सूत्र त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया ठरले.

नागपूरच्या वास्तव्यातच लोखंडाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोड्याचा कोळसा तेथून दूर नाही, असे त्यात नमूद केले होते. जमशेटजी त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. कापसाच्या बाबतीत जे साधले तेच लोखंडाच्या बाबतीतही साधेल, अशी आशा त्यांच्या मनात जागी झाली. त्यांनी वरोड्याच्या कोळशाचे नमुने परीक्षेसाठी जर्मनीस पाठविले. निष्कर्ष निराशाजनक निघाला. तो कोळसा बाष्पयंत्राला पुरेसा होता, पण लोखंड गाळण्यास निरुपयोगी होता.

लोखंडाच्या दगडातून धातू वेगळा करण्यासाठी झोतभट्टीत दगडाबरोबर कोक आणि चुनखडी घालावी लागते. कोक म्हणजे हवा न लागू देता तापवून कठीण केलेला कोळसा. तो प्रखर उष्णता देतो, दगडातील प्राणवायू हिरावून घेतो आणि वरच्या थरांचा भार सोसून भट्टीत झोताला वाट ठेवतो. चुनखडी दगडातील अशुद्ध द्रव्ये मळीच्या रूपाने बाहेर काढते. शिवाय भट्टी थंड ठेवण्यासाठी अखंड पाणी लागते. यांतील एकही वस्तू फार लांबून आणावी लागली, तर पोलादाचा भाव परवडत नाही. म्हणून लोखंडाचा डोंगर सापडणे ही केवळ निम्मी गोष्ट होय. त्याच्या आवाक्यात योग्य कोळसा आणि बारमाही पाणी सापडले तरच कारखाना उभा राहतो.

याखेरीज दुसरी अडचण सरकारी नियमांची होती. खनिजे शोधण्याच्या परवान्यांच्या अटी इतक्या जाचक होत्या की कोणीही शहाणा माणूस त्यांत भांडवल गुंतविण्यास धजावला नसता. जमशेटजींनी विचार बाजूला ठेवला, पण सोडला नाही. सतरा वर्षे ते खनिजांचे नमुने आणि अहवाल जमवीत राहिले. १८९९ मध्ये मेजर माहोन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्यास अनुकूल असा अहवाल दिला आणि त्याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी खनिजविषयक नियम सैल केले. जमशेटजी तेव्हा साठीला पोचले होते. इतरांनी विश्रांतीचा विचार करावा अशा वयात त्यांनी हे कार्य पुन्हा हाती घेतले. १९०० मध्ये इंग्लंडमध्ये ते भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले. परत येऊन लोहारा भागात शोध घेण्याचा परवाना त्यांनी मिळविला.

१९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथील पोलादाचे कारखाने त्यांनी विद्यार्थ्याच्या जिज्ञासेने पाहिले. प्राथमिक शोधासाठीच फार मोठा खर्च येईल, अशी सूचना त्यांना तेथील तज्ज्ञांनी दिली. ते डगमगले नाहीत. चार्ल्स पेज पेरिन या नामवंत अभियंत्याला त्यांनी हिंदुस्थानात येण्यास राजी केले. याच वर्षी परदेशातून पुत्र दोराबजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी भावी पोलादनगरीचे चित्र रेखाटले. रस्ते रुंद असावेत, त्यांच्या कडेला लवकर वाढणाऱ्या वृक्षांची सावली असावी, बागांना आणि खेळांच्या मैदानांना भरपूर जागा राखून ठेवावी, आणि हिंदूंची मंदिरे, मुसलमानांच्या मशिदी व ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे यांसाठीही स्थाने नेमावीत, अशी त्यांची इच्छा होती. नगर कोठे वसणार हे अद्याप कोणालाच ठाऊक नव्हते. पण तेथे माणसाने कसे राहावे हे त्यांनी आधीच ठरविले होते.

पेरिन यांचे सहकारी भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड १९०३ मध्ये येऊन दाखल झाले. दोराबजी आणि वेल्ड बैलगाडीने चांद्याच्या रानात हिंडू लागले. ऊन रणरणते होते, पाण्याचे दुर्भिक्ष होते आणि जंगलात वाघांचा वावर होता. लोहाऱ्याचे खनिज उत्तम ठरले. परंतु मोठ्या कारखान्याला जन्मभर पुरेल एवढे ते नव्हते आणि कोक होण्याजोगा कोळसा जवळपास मिळेना. ज्या भूमीने जमशेटजींना लोखंडाचे स्वप्न दाखविले, तिनेच ते पुरे करण्यास नकार दिला. वीस वर्षांची आशा एका अहवालाने मावळली.

याच शोधात दोराबजी एकदा काही कामासाठी नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. भेटावयाचे अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले, तो तेथे त्यांना मध्यप्रांताचा भूगर्भविषयक नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्याच्या भागावर लोखंडाची खूण दाखविणारा गडद रंग होता. त्या खुणेच्या मागावर जाता डल्ली-राजहराच्या टेकड्या सापडल्या. तेथील दगड इतका शुद्ध होता की त्यावरून चालताना पावलांखाली धातूसारखा नाद उमटे. मात्र तेथेही योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी यांचा मेळ बसेना. ती टेकडी तशीच सोडून द्यावी लागली. स्वातंत्र्यानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली भट्टी पेटली, तेव्हा त्याच टेकड्यांचे खनिज देशाच्या उपयोगी पडले.

दुर्गच्या या भागाची पाहणी पूर्वी ज्यांनी केली होती ते भूगर्भशास्त्रज्ञ म्हणजे प्रमथनाथ बोस. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते मयूरभंज संस्थानाच्या सेवेत रुजू झाले होते. फेब्रुवारी १९०४ मध्ये त्यांनी जमशेटजींना कळविले की, मयूरभंजात गोरुमहिसाणी येथे विपुल लोहखनिज आहे आणि झरियाचा कोळसा तेथून फार दूर नाही. इतकी वर्षे निसटत आलेला मेळ अखेर जमण्याची चिन्हे दिसू लागली.

परंतु जमशेटजींची प्रकृती खालावत चालली होती. उपचारासाठी ते युरोपात गेले असता १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या भट्टीसाठी त्यांनी बावीस वर्षे वाट पाहिली, तिची पहिली वीटही त्यांच्या डोळ्यांसमोर रचली गेली नाही.

पित्याचे अपुरे कार्य दोराबजींनी पुढे नेले. प्रथम लंडनमध्ये भांडवल उभारण्याचा यत्न झाला. तो विफल ठरला. हिंदुस्थानात या सुमारास स्वदेशीची लाट उसळली होती. १९०७ मध्ये कंपनीने देशबांधवांना आवाहन करताच अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी सारे भांडवल भरून दिले. कारखान्यासाठी छोटानागपूरमधील साकची हे गाव निवडले गेले. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांचा तेथे संगम होता, कालिमाटीचे रेल्वेस्थानक जवळ होते, आणि लोहखनिज व कोळसा दोन्ही आवाक्यात होते. नागपूरच्या गिरणीत सापडलेले सूत्र येथे पूर्णत्वास गेले. २ डिसेंबर १९११ रोजी पहिले लोखंड भट्टीतून वाहिले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला. हिंदी माणसे आगगाडीच्या रुळांजोगे पोलाद करू शकतील यावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांना पहिल्या महायुद्धात याच कारखान्याचे रूळ मागवावे लागले. १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी या नगरीला जमशेटजींच्या स्मरणार्थ जमशेदपूर हे नाव दिले. कालिमाटी स्थानक टाटानगर झाले.

सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसापासून वीज निर्माण करून ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावी, हीदेखील जमशेटजींची योजना. धुराने काळवंडलेल्या मुंबईला कोळशाऐवजी पाण्याची शक्ती मिळावी, असा तिचा हेतू होता. लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीस नेण्यात आले आणि १९१५ मध्ये तेथील वीज मुंबईत पोचली. निसर्गाची देणगी वापरायची तर ती जाणणारी माणसे हवीत, म्हणून विज्ञानाच्या उच्च संशोधनासाठी त्यांनी सुमारे तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली होती. तिच्यातून १९०९ मध्ये बंगलोर येथे भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. या दोन्ही गोष्टीही त्यांच्या मृत्यूनंतरच साकार झाल्या.

मोठ्या कार्याची किंमतही मोठी असते आणि ती नेहमी लाभ घेणाऱ्यांनीच मोजलेली असते असे नाही. साकचीच्या परिसरातील सुमारे साडेतीन हजार एकर जमीन कारखान्यासाठी घेण्यात आली. तेथे पिढ्यान्‌पिढ्या संथाळ, हो आदी आदिवासी राहत आले होते. जमशेटजींच्या मागे मुळशी खोऱ्यात विजेसाठी धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा आपली शेते पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांच्या अग्रभागी होते. जमशेदपुरात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस लागू झाला होता, तरीही १९२० आणि १९२८ मध्ये तेथील कामगारांना हक्कांसाठी संप करावे लागले. सावलीचे वृक्ष आणि खेळांची मैदाने यांची आठवण कारखान्याच्याही आधी ठेवणाऱ्या पुरुषाच्या कार्याचे मोल करताना या माणसांचेही स्मरण ठेवणे हेच न्यायाचे होय.

नागपूरचा कापूस, सह्याद्रीचे पाणी आणि मयूरभंजचे लोखंड यांपैकी कोणतीही वस्तू जमशेटजींनी निर्माण केली नव्हती. ती सारी आधीपासून होती आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. कोणत्या वस्तूला कशाची जोड मिळाली म्हणजे तिचे धन होते, हे त्यांनी ओळखले, आणि ती जोड सापडेपर्यंत शोध थांबविला नाही. चांद्याच्या रानात पदरी आलेले अपयशही वाया गेले नाही. त्याच वाटेने दुर्गच्या टेकड्या सापडल्या आणि प्रमथनाथ बोसांच्या पत्राने ती वाट मयूरभंजला पोचली. सुवर्णरेखा आणि खरकाई यांच्या संगमावर जे नगर उभे राहिले ते त्यांनी कधी पाहिले नाही. तरी त्या नगराच्या रुंद रस्त्यांवर सावली धरणारे वृक्ष, ते लावण्यापूर्वीच, त्यांच्या मनात वाढलेले होते.